डिजिटल पियानो की मिडी कंट्रोलर? – घरी वाद्य आणण्यापूर्वी

संगीताची आवड असलेल्या पुष्कळ घरांत अलीकडे एक नवा प्रश्न पडू लागला आहे. मुलीला पियानो शिकावयाचा असतो, किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला संगणकावर स्वतःची गाणी बांधावयाची असतात. आईवडील दुकानात जातात. तेथे एका बाजूस काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो मांडलेला असतो. दुसऱ्या बाजूस, दिसावयास बराचसा तसाच, परंतु वजनाने हलका आणि किमतीने पुष्कळ कमी असा मिडी कंट्रोलर असतो. विक्रेता सांगतो, ‘याला लॅपटॉप जोडा, म्हणजे पियानोच काय, शेकडो वाद्ये वाजतील.’ किमतीतला फरक पाहून मन दुसऱ्या बाजूस झुकते, आणि ते स्वाभाविकही आहे.

मध्यम स्थितीच्या कुटुंबात असे वाद्य दर वर्षी विकत घेतले जात नाही. बहुधा दहा वर्षांतून एकदाच हा खर्च होतो. निवड चुकली तर वाद्य कपाटावर चढते, आणि त्याबरोबर मुलाची आवडही हळूहळू धूळ खाऊ लागते. ‘एवढे पैसे घातले, पण तो वाजवीतच नाही’ असे आपण म्हणतो. परंतु अनेकदा दोष मुलाचा नसतो. त्याला ज्या कामासाठी साधन हवे होते, ते साधन त्याला मिळालेलेच नसते. म्हणून ही दोन यंत्रे वस्तुतः काय आहेत आणि आपल्या घरात कोणते नांदेल, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वीच केलेला बरा.

भाता नसलेली पेटी

हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, बहुतेक वाचकांनी जवळून पाहिली असेल. तिच्यात तीन गोष्टी असतात. वर बोटांसाठी पट्ट्या, आत धातूच्या सुरांच्या पात्या आणि मागे हवा पुरविणारा भाता. पट्टी दाबली की वाट मोकळी होते, हवा पातीवरून जाते आणि सूर उमटतो. तिन्ही गोष्टी एकाच खोक्यात असतात, म्हणूनच पेटी उघडली की लगेच वाजविता येते.

डिजिटल पियानोची रचना अंतरंगी अगदी निराळी असली तरी या बाबतीत तो पेटीसारखाच आहे. पट्टी किती वेगाने खाली गेली हे त्यातील संवेदक मोजतात. खऱ्या पियानोचे स्वर आधी ध्वनिमुद्रित करून त्याच्या स्मृतीत साठविलेले असतात. त्यांतील योग्य तो स्वर निवडून त्याच्याच ध्वनिक्षेपकातून बाहेर सोडला जातो. काही पियानोंत मुद्रित नमुन्यांऐवजी तारेच्या कंपनाचे गणित मांडून स्वर निर्माण करतात. पद्धत कोणतीही असो, पट्ट्या, स्वर आणि आवाज ही तिन्ही अंगे एकाच वाद्यात असतात. विजेची कळ दाबावी आणि वाजवावयास बसावे.

मिडी कंट्रोलर ही मात्र केवळ पट्ट्यांची फळी आहे. तिच्यात सुरांच्या पात्या नाहीत आणि भाताही नाही. तिच्यावर बोटे फिरविली तर लाकडावर किंवा प्लास्टिकवर बोटे आपटल्याचा आवाज येईल, त्यापलीकडे काही नाही. स्वर निर्माण करण्याचे काम संगणकातील अथवा टॅब्लेटमधील सॉफ्टवेअर करते, आणि तो ऐकविण्याचे काम हेडफोन किंवा बाहेरचे ध्वनिक्षेपक करतात. कंट्रोलर फक्त निरोप धाडतो. हा भेद नीट ध्यानात आला की पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सापडू लागतात.

१९८३ चा करार

हा निरोप ज्या भाषेत जातो तिचे नाव मिडी. १९७० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक वाद्ये झपाट्याने वाढली, परंतु एका कारखान्याचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्याशी सहजी बोलू शकत नसे. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांनी सर्व कारखानदारांना मान्य होईल अशी एक समान भाषा असावी म्हणून पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, एका तारेने जोडून दाखविण्यात आले. एकावर वाजविलेले दुसऱ्यावर उमटले. त्या कार्याबद्दल स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्यातून जाते ती एक प्रकारची स्वरलिपी. अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली, पायाखालचे पेडल दाबले, अशा त्या सूचना असतात. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. पियानोच्या मधोमध येणाऱ्या ‘सी’ स्वराचा क्रमांक ६०. दाबण्याचा जोरही १ ते १२७ अशा अंकांत सांगितला जातो. एका स्वराची सूचना तारेतून जावयास सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. भातखंडे पद्धतीने लिहिलेली एकच बंदिश दोन गायकांनी गायिली तर कागद एक आणि गळे दोन असतात. तसेच येथेही घडते. सूचना एकच, परंतु ती ऐकणारे सॉफ्टवेअर पियानोचे असेल तर पियानो वाजेल, सतारीचे असेल तर सतार.

२०२० साली या भाषेची दुसरी आवृत्ती मान्य झाली आणि तिच्यात जोराचे माप पुष्कळ अधिक सूक्ष्म करण्यात आले. तथापि चाळीस वर्षांपूर्वीची मूळ भाषा आजही सर्वत्र चालते, आणि घरगुती वापरासाठी ती पुरेशी आहे. डिजिटल पियानो आणि कंट्रोलर हे दोन्ही ती बोलतात, ही बाब पुढे फार उपयोगी पडणार आहे.

बोटांची शाळा

पियानो हे नावच मुळी मंद आणि मोठ्या आवाजावरून पडले आहे. सुमारे १७०० साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य घडविले. त्यापूर्वीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे, त्यामुळे पट्टी हळू दाबा की जोराने, आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारण्याची युक्ती काढली आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होऊ लागला. पियानोवादनाची सारी कला या एका गोष्टीवर उभी आहे. कोणता स्वर वाजवावा हे स्वरलिपी सांगते. तो किती हळुवार वाजवावा हे बोटाला शिकावे लागते.

यासाठी पट्टीला वजन हवे. खऱ्या पियानोची पट्टी सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते, आणि मधल्या सप्तकातील पट्टी हळूच खाली नेण्यास साधारण ५० ग्रॅम भार लागतो. खर्जाकडील हातोड्या मोठ्या, म्हणून तिकडील पट्ट्या जड. तारसप्तकाकडे त्या हलक्या होत जातात. चांगल्या डिजिटल पियानोत तारा नसल्या तरी प्रत्येक पट्टीखाली लहानशी हातोडी बसवून हा चढउतार साधलेला असतो. पट्ट्या पूर्ण ८८ असतात, त्यांत ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या.

बहुसंख्य स्वस्त कंट्रोलरांच्या पट्ट्या स्प्रिंगवर चालतात. त्यांची संख्या २५, ४९ किंवा ६१ असते, आणि लहान नमुन्यांत पट्टीची रुंदीही कमी केलेली असते. खऱ्या पियानोवर एका सप्तकाची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते. ज्या मुलाचा पंजा अरुंद पट्ट्यांवर घडला, त्याला पुढे शिक्षकाच्या पियानोवर अंतर पुन्हा नव्याने शिकावे लागते. हलक्या पट्टीवर वेग लवकर येतो, त्यामुळे प्रगती झाल्याचा भास होतो. पण त्याच धुना जड पट्टीवर वाजविताना बोटे अडखळतात आणि मूल हिरमुसते.

पेडलचेही तसेच आहे. उजव्या पायाखालचे पेडल दाबले की स्वर रेंगाळतात. जाणकार वादक ते पूर्ण न दाबता अर्धे दाबूनही काम घेतात. स्वस्त पियानोबरोबर अथवा कंट्रोलरबरोबर मिळणारी चपटी कळ केवळ ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच जाणते. प्रारंभी तेवढे चालते, परंतु पुढे चांगले पेडल जोडण्याची सोय आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे.

ज्या घरात मुलाला शिक्षकाकडे पाठवून पियानो शिकवावयाचा आहे, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम यांसारख्या संस्थांच्या परीक्षा द्यावयाच्या आहेत, त्या घरी या कारणांमुळे ८८ जड पट्ट्यांचा डिजिटल पियानोच उचित होय. एक सावधगिरीची सूचना: ट्रिनिटीच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. आपल्या शिक्षकांच्या मनात यांपैकी कोणता विषय आहे, हे वाद्य घेण्यापूर्वीच त्यांना विचारा.

नादाची कार्यशाळा

याचा अर्थ कंट्रोलर हे गरिबांचे दुय्यम वाद्य आहे, असा मात्र नव्हे. त्याचे क्षेत्रच निराळे आहे.

१९८२ साली मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तीत त्यांनी रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्ज स्वरांचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र वापरले होते. त्या वेळी ती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाले तेव्हा जगभरच्या रसिकांना आश्चर्य वाटले, कारण पाश्चात्य नृत्यसंगीतात पुढे गाजलेल्या एका शैलीच्या कितीतरी खुणा तीत आधीच उमटल्या होत्या. यंत्राची बटणे फिरवीत रागाला साजेसा नवा नाद शोधणे, हेच त्या कामाचे मर्म होते.

त्या काळी ही यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडची होती. आज त्याच यंत्रांची सॉफ्टवेअर-रूपे मिळतात. यामाहाचा १९८३ चा डीएक्स-७ हा प्रसिद्ध सिंथेसायझर ज्याच्यात उतरविला आहे असे ‘डेक्स्ड’ आणि अनेक प्रकारे नाद घडविता येतो असे ‘सर्ज एक्सटी’, ही सॉफ्टवेअर तर विनामूल्य उपलब्ध आहेत. इंदूर, हुबळी किंवा गुवाहाटी येथील एखादा विद्यार्थी २५ पट्ट्यांचा कंट्रोलर घेऊन त्यांच्यासमोर बसू शकतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अशा कामासाठी कंट्रोलरवर ज्या सोयी असतात त्या डिजिटल पियानोवर बहुधा नसतात. फिरविण्याची बटणे, सरकत्या दांड्या, तालाचे बोल वाजविण्याच्या रबरी चौकटी आणि डाव्या हाताला दोन चक्रे, या त्यांतील प्रमुख. त्या दोन चक्रांपैकी एक आपल्या संगीताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. ते फिरविले की दाबलेला स्वर वरखाली सरकतो. मिडीच्या भाषेत या सरकण्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत, त्यामुळे कानाला तो प्रवास अखंड वाटतो. पेटीला जी मींड कधीच साधली नाही, ती येथे अभ्यासाने बरीचशी साधता येते.

पेटीविषयीचा जुना वाद वाचकांना आठवत असेल. स्वर ठरीव जागी जखडलेले आणि मींडेला वाव नाही, या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून दूर ठेवले, आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. डिजिटल पियानोला हा आक्षेप आजही लागू पडतो. त्यातील सप्तक बारा सारख्या भागांत विभागलेले असते. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर त्यातील शुद्ध गंधार ४०० सेंटांवर येतो. तानपुऱ्यातून सहज ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा हा फरक तयार कानाला खुपतो. काही पियानोंत स्वरांतरे बदलण्याच्या मोजक्या सोयी असतात, परंतु अनेक सॉफ्टवेअर सिंथेसायझरांत प्रत्येक स्वराची जागा स्वतः ठरविता येते. रागसंगीताची जाण असलेल्या तरुणाला हे दालन खुले होणे फार मोलाचे आहे.

खर्चाचा पूर्ण हिशेब

कंट्रोलरची किंमत पाहताना आपण केवळ पट्ट्यांची किंमत पाहत असतो. स्वर देणारा संगणक आणि ऐकविणारी साधने यांचा खर्च वेगळा. घरात चांगला लॅपटॉप आधीच असेल तर उत्तम. पण तो कोणाचा आहे? वडील त्यावर कार्यालयाचे काम करीत असतील, थोरली बहीण त्यावरच अभ्यास करीत असेल, तर संध्याकाळी सात वाजता तो रियाझासाठी मोकळा मिळेल काय? रोज अर्धा तास बसण्याची सवय लागावी अशी आपली इच्छा असते. लॅपटॉप मागावा, तार जोडावी, सॉफ्टवेअर उघडावे, ते सुरू होईपर्यंत थांबावे, यात दहा मिनिटे जाऊ लागली तर नवशिक्याचा उत्साह किती दिवस टिकणार?

दुसरा खर्च वेळेचा, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. पट्टी दाबल्यापासून आवाज कानी पडेपर्यंत संगणक थोडा उशीर करतो, कारण तो आवाजाचे लहान लहान गठ्ठे बांधून पुढे पाठवितो. सेकंदाला ४४,१०० नमुने या प्रचलित गतीने २५६ नमुन्यांचा एक गठ्ठा म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, आणि १,०२४ नमुन्यांचा म्हणजे सुमारे २३. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे वाद्यापासून साडेतीन मीटरांवर बसून ऐकल्यासारखे झाले. ते चालून जाते. २३ मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ आठ मीटर, आणि तेवढ्याने जलद वादनात बोट व कान यांची ताटातूट होऊ लागते. गठ्ठा फार लहान केला तर दुबळा संगणक दमतो आणि आवाजात तडतड येते.

यावर उपाय आहेत. विंडोज संगणकावर ‘एसिओ’ प्रकारचा ड्रायव्हर वापरावा, शक्य झाल्यास बाहेरून जोडावयाचा लहान ऑडिओ इंटरफेस घ्यावा. हेडफोन मात्र तारेचाच असावा. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो, आणि त्यावर कोणतेही वाद्य वाजविणे कठीण होते. डिजिटल पियानोत हे सारे कारखान्यातच जुळवून दिलेले असते. त्याच्या अधिक किमतीतील काही वाटा या निश्चिंततेचा आहे.

जागेचाही विचार हवा. ८८ पट्ट्यांच्या पियानोला सुमारे १३० सेंटिमीटर रुंदीची जागा लागते आणि हलक्यातला हलका सुटसुटीत नमुनाही पुष्कळदा १० किलोग्रॅमच्या पुढे असतो. त्याला पक्का स्टँड आणि योग्य उंचीची बैठक हवी. लहान कंट्रोलर पुस्तकांच्या फळीवर मावतो आणि वसतिगृहातही नेता येतो. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारांनी ही गोष्ट विसरू नये. शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र दोन्हींत सारखाच सुटतो, कारण दोन्हींबरोबर हेडफोन लावता येतो. कोकण, केरळ किंवा बंगालच्या दमट हवेत तारांचा पियानो सुरात ठेवणे खर्चाचे असते. ती कटकटही येथे नाही. तथापि पट्ट्यांखालचे विद्युत्स्पर्श धूळ व ओल यांनी बिघडतात, म्हणून वाजवून झाल्यावर कापडाचे आच्छादन घालावे.

मधला मार्ग

या दोन वाटा एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत. आजच्या बहुतेक डिजिटल पियानोंच्या मागील बाजूस ‘यूएसबी टू होस्ट’ नावाचे छिद्र असते. त्यातून संगणकाला तार जोडली की तोच पियानो मिडी कंट्रोलर बनतो. पियानोचा स्वतःचा आवाज नको असल्यास ‘लोकल ऑफ’ ही सोय वापरून तो बंद करता येतो आणि फक्त सॉफ्टवेअरचा नाद ऐकू येतो. पुढे चक्रांची आणि बटणांची गरज भासली तर २५ पट्ट्यांचा एक स्वस्त कंट्रोलर शेजारी ठेवता येतो. अशा रीतीने आज शिकण्यासाठी घेतलेले वाद्य उद्या निर्मितीच्याही कामी येते.

उलट दिशेचा प्रवास इतका सोपा नाही. स्प्रिंगच्या ४९ पट्ट्यांना कोणतेही सॉफ्टवेअर हातोडीचे वजन देऊ शकत नाही. अर्थात यालाही एक अपवाद आहे. ८८ जड पट्ट्यांचे कंट्रोलरही मिळतात. घरी सशक्त संगणक केवळ संगीतासाठी राखलेला असेल, तर असा कंट्रोलर आणि पियानोचे उत्तम सॉफ्टवेअर यांच्या जोडीतून स्वस्त डिजिटल पियानोपेक्षा अधिक सुंदर स्वर ऐकावयास मिळू शकतो. २००६ साली निघालेले ‘पियानोटेक’ हे याचे एक उदाहरण; ते ध्वनिमुद्रित नमुन्यांवर न विसंबता गणिताने तार, हातोडी आणि पेटारा यांची वर्तणूक घडविते. परंतु ही वाट संगणकाशी दोन हात करण्याची हौस असलेल्यांची आहे.

दुकानात जाल तेव्हा

शक्य तर शिक्षकांना अथवा एखाद्या जाणत्या मित्राला बरोबर न्यावे. डिजिटल पियानोवर एकच पट्टी दहा वेळा, अगदी हळू ते अगदी जोरात, अशी वाजवून पाहावी. आवाज पायरीपायरीने वाढतो की एकदम उडी घेतो, ते कान सांगेल. पेडल दाबून भराभर अनेक स्वर वाजवावेत आणि आधीचे स्वर मध्येच तुटतात काय ते ऐकावे. एका वेळी किती स्वर टिकतात याचा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. ६४ वर प्रारंभ होऊ शकतो, १२८ असल्यास पुढील काही वर्षांची चिंता मिटते. वाद्यात ५०० आवाज आहेत, या जाहिरातीस फार भुलू नये. शिकणारे मूल त्यांतील एकच वर्षानुवर्षे वापरणार असते. हेडफोनचे छिद्र, यूएसबीची सोय आणि आपल्या शहरात दुरुस्तीचे केंद्र आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

कंट्रोलर घेताना तो आपल्या संगणकाला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो काय, पट्ट्या पूर्ण रुंदीच्या आहेत काय, जोर ओळखतात काय आणि पेडल जोडण्याची सोय आहे काय, हे पाहावे. बरोबर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी लांबलचक असते. त्यातील कोणते कायमचे आणि कोणते महिनाभर चाखावयास दिलेले, हेही वाचावे.

तीन घरे, तीन निर्णय

समजा, एका घरी नऊ वर्षांची मुलगी पियानोच्या शिकवणीला जाऊ लागली आहे आणि घरात एकच लॅपटॉप आहे. तिला डिजिटल पियानो द्यावा. नवा परवडत नसेल तर चांगल्या स्थितीतील जुना पाहावा. पण हलक्या पट्ट्यांवर तिचा हात बसवू नये.

दुसऱ्या घरी अठरा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्याजवळ स्वतःचा संगणक आहे, कानावर हेडफोन असतात आणि रात्र रात्र तो तालाचे तुकडे जुळवीत बसतो. मैफलीत पियानो वाजविण्याची त्याला इच्छा नाही. त्याला पियानो घेऊन देणे म्हणजे शिल्पकार होऊ पाहणाऱ्याच्या हाती कुंचला देणे होय. त्याला कंट्रोलर द्या, आणि वाचलेल्या पैशांतून ऑडिओ इंटरफेस व तारेचा चांगला हेडफोन घ्या. त्याचे काम वाया घालविलेला वेळ समजू नका. चेन्नई येथे २००८ साली ए. आर. रहमान यांनी स्थापन केलेल्या संगीत संस्थेत पियानोवादन आणि संगीत-तंत्र ही दोन्ही एकाच छपराखाली शिकविली जातात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिसऱ्या घरी सेवानिवृत्त आजोबा आहेत. तरुणपणी त्यांनी पेटीवर नाट्यपदे वाजविली आहेत आणि आता नातवंडांसह काही नवे शिकावे असे त्यांना वाटते. संगणकाच्या पडद्यावरील बारीक अक्षरांशी झगडण्याची त्यांना इच्छा नाही. एका कळीने सुरू होणारा डिजिटल पियानो त्यांना सोयीचा पडेल. यूएसबीचे छिद्र मात्र नातवंडांसाठी असू द्यावे.

आपले घर यांपैकी कोणत्या घराशी मिळते, हे वाचकांनीच ठरवावे. ठरविण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करून पाहता येईल. ज्याच्यासाठी वाद्य घ्यावयाचे त्याला दोन प्रश्न विचारा. ‘तुला काय वाजवायला आवडेल?’ आणि ‘तुला काय बनवायला आवडेल?’ ज्या प्रश्नाला तो डोळे चमकवून, न थांबता उत्तर देईल, त्या उत्तरात निवड झालेली असते. दोन्ही प्रश्नांना सारख्याच उत्साहाने उत्तर मिळाले, किंवा लहान मुलाला काहीच सांगता आले नाही, तर जड पट्ट्यांचा आणि संगणकाला जोडता येणारा पियानो निवडावा, कारण त्यात पुढे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

वाद्य घरी आल्यावर ते पेटीत बांधून ठेवू नका. बसण्याउठण्याच्या खोलीत, सहज हात जाईल अशा जागी ते मांडा. जाता येता दोन स्वर वाजविले जातात, त्यांतूनच पुढे अर्ध्या तासाची बैठक जमते.